पगारपत्रकातील दोनशे रुपये

नमस्कार. माझ्या हातात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराचे पगारपत्रक आहे. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर : २००’ अशी नोंद दिसते. फेब्रुवारीत हा आकडा ३०० होतो आणि वर्षाचे २,५०० रुपये पूर्ण होतात. हा कर आला कुठून, हे तो भरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे पोटासाठी खडी फोडायला गेली. त्याच सुमारास विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली आणि तिचा खर्च भागावा म्हणून १९७५मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसवण्यात आला. १९७७च्या कायद्याने ग्रामीण भागात ‘मागेल त्याला काम’ हा हक्क झाला आणि २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागेही हाच अनुभव होता. म्हणूनच कल्याणकारी राज्याला कोणी फुकट वाटप म्हटले की मला ही कपात दाखवावीशी वाटते. घाम गाळून मिळवलेल्या मजुरीला फुकट कसे म्हणायचे?

आजारपण, अपघात, म्हातारपण ही संकटे एकेकट्या घराला झेपत नाहीत, म्हणून त्यांचा भार सर्वांनी मिळून उचलायचा, हे या व्यवस्थेचे मूळ आहे. जर्मनीत १८८३मध्ये कामगारांचा आजारविमा आणला तो चॅन्सेलर बिस्मार्कने, आणि तो काही समाजवादी नव्हता; उलट समाजवाद्यांकडे वळणारा कामगार त्याला रोखायचा होता. आपल्याकडील राज्य कामगार विमा योजनेतही २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार पाऊण टक्का आणि मालक सव्वातीन टक्के भरतो.

अडचण अशी की ही सारी रचना पगारपत्रक असलेल्या माणसाभोवती उभी आहे. ऑक्टोबरात द्राक्षवेलींची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. त्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. गंगापूर रोडवर पाठीला पिशवी लावून जेवण पोहोचवणारा मुलगाही ॲपच्या लेखी ‘भागीदार’ असतो, कामगार नसतो. कल्याणकारी राज्य कालबाह्य झाले की नाही, हा वाद मला त्यामुळे पोकळ वाटतो. ते यांच्यापर्यंत पोहोचलेच कुठे, हे आधी विचारायला हवे. अवकाळी पावसात बाग झोडपली गेली की तलाठी बांधावर येऊन पिकाचा पंचनामा करतात. त्याच बागेत टोळीची बुडालेली आठ दिवसांची मजुरी लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.