वीज आणि चुंबकत्व, एकाच स्फटिकात

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मोबाइलच्या आत शेकडो कपॅसिटर, म्हणजे विद्युत प्रभार साठवणारे छोटे भाग, असतात. त्यातल्या बहुतेकांच्या थरांत बेरियम टायटानेट नावाचं सिरॅमिक असतं. हे पेरोव्स्काइट घराण्यातलं, म्हणजे एकाच ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थांतलं. त्या घराण्याचं मूळ खनिज १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलं. पूर्वी कपॅसिटरसाठी अभ्रक वापरत. दुसऱ्या महायुद्धात अभ्रकाची टंचाई झाली आणि अमेरिका, रशिया, जपान या तिन्ही देशांत, एकमेकांना पत्ता नसताना, बेरियम टायटानेटचा शोध लागला. पदार्थामुळे कपॅसिटरमध्ये किती पट जास्त प्रभार साठतो, ते सांगणारा आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. अभ्रकाचा तो पाच ते सात. याचा हजाराच्याही वर!

एवढा फरक का? एक घन डोळ्यांसमोर आणा. आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन आणि पोटात टायटेनियम. १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटेनियम बरोबर मध्यभागी असतो. तापमान उतरलं की तो किंचित सरकतो, नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढाच. तेवढ्यानं घनाचं एक टोक धन, दुसरं ऋण होतं.

मग याच घनात चुंबकत्वही का आणू नये? इथे खरी अडचण आहे. टायटेनियम ऑक्सिजनकडे ओढला जातो, कारण त्याची डी कक्षा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एक विशिष्ट कप्पा, रिकामी असते. चुंबकत्वाला मात्र त्याच कक्षेत जोडीदाराविना इलेक्ट्रॉन लागतात, लोहात असतात तसे. म्हणून दोन्ही गुण एकत्र असलेले पदार्थ इतके दुर्मीळ. पदार्थशास्त्रज्ञ निकोला स्पाल्डिन यांनी २००० साली हे कोडं नेमकं मांडलं.

अशा दुर्मीळ पदार्थांपैकी एक म्हणजे बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजन यांचं बिस्मथ फेराइट. त्यात कामाची वाटणी झालेली आहे. विजेची बाजू बिस्मथ सांभाळतो, चुंबकाची लोह. पहिला गुण सुमारे ८३० अंशांपर्यंत टिकतो, दुसरा ३७० पर्यंत. मात्र शेजारशेजारच्या लोह-अणूंची चुंबकीय दिशा उलटसुलट असते, त्यामुळे बाहेर ओढ जवळपास जाणवत नाही.

प्रयोगशाळेत याची वडी करणं चिकाटीचं काम आहे. बिस्मथ ऑक्साइड आणि लोह ऑक्साइड खलात तासन्‌तास घोटायचं, दाबून पेलेट करायची, भट्टीत साधारण ८०० अंशांवर भाजायची. तिथे थोडा बिस्मथ वाफ होऊन उडतो, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि वडीतून वीज झिरपते. म्हणून बिस्मथ मुद्दाम थोडा जास्त घालतात. तरुण संशोधकांना मी आग्रहानं सांगेन, विद्युत दाबाच्या कमी वारंवारतेला डायइलेक्ट्रिक स्थिरांक भलामोठा दिसला तर लगेच हुरळू नका. शेजारी ऊर्जाहानीचा आकडा बघा. तोही चढलेला असेल, तर बहुधा ती गळतीची किंवा कणांच्या सीमांवर साचलेल्या प्रभाराची करामत असते.

पातळ थरांत मात्र या पदार्थानं मोठी मजल मारली आहे. २०१४ मध्ये बिस्मथ फेराइटवर बसवलेल्या कोबाल्ट-लोहाच्या थराचं चुंबकत्व, साध्या खोलीच्या तापमानाला, निव्वळ विद्युत दाबानं उलटवून दाखवण्यात आलं. कमी विजेवर चालणाऱ्या मेमरी चिपांची वाट तिथून जाते.