खिमा थंड पाण्यातच घाला: डेट्रॉईटच्या कोनी सॉसची कृती

[दृश्य: डेट्रॉईट, लाफायेट बुलेव्हार्ड. भिंतीला भिंत लावून उभी हॉट डॉगची दोन दुकानं.]

एक अमेरिकन कोनी आयलंड, दुसरं लाफायेट कोनी आयलंड. दोन्हींची मुळं केरोस आडनावाच्या ग्रीक भावांपर्यंत जातात. अमेरिकनवाले आपलं साल १९१७ सांगतात. दोन्हीकडे प्लेटमध्ये येतं ते जवळपास तेच: वाफेवर मऊ केलेला बन, तव्यावर भाजलेलं सॉसेज, त्यावर मांसाचा तपकिरी, ओलसर सॉस, पिवळ्या मस्टर्डची रेघ आणि भरपूर कच्चा कांदा. या सगळ्याला मिळून मिशिगनमध्ये 'कोनी' म्हणतात. कुठल्या दुकानातला कोनी चांगला, यावर डेट्रॉईटकर हिरिरीने भांडतात.

नाव न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं असलं तरी सॉस तिथला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीस आणि मॅसेडोनियाकडून अमेरिकेच्या कारखानदार शहरांत आलेल्या लोकांनी तो घडवला. मिशिगनमधलं जॅक्सन आणि इंडियानातलं फोर्ट वेन, दोन्ही गावं १९१४ पासूनची परंपरा सांगतात. पहिला मान कुणाचा, तो वाद त्यांचा त्यांना मिटवू द्या. आपण पातेल्याकडे वळू.

[दृश्य: ओट्यावर मोजून ठेवलेलं सामान.]

साधारण सतरा-अठरा हॉट डॉगना पुरेल एवढ्या सॉससाठी: अर्धा किलो बीफचा खिमा, त्यात चरबी वीस टक्के. थंड पाणी ६०० मिलिलिटर. एक मध्यम कांदा, म्हणजे १०० ग्रॅम, किसलेला. टोमॅटो पेस्ट एक टेबलस्पून, त्याहून जास्त नको. साधं पिवळं मस्टर्ड एक टीस्पून. खारट, बिनगोड क्रॅकर बिस्किटांचा बारीक चुरा २५ ग्रॅम. मीठ सहा ग्रॅम, म्हणजे सपाट एक टीस्पून.

मसाल्यात मंद तिखटाची लाल मिरची पूड दोन टेबलस्पून, जिरेपूड दोन टीस्पून, लसूण पूड एक टीस्पून, काळी मिरी आणि ऑरेगॅनो अर्धा-अर्धा टीस्पून. मिरचीच्या बाबतीत इथेच सावध व्हा. अमेरिकेत 'चिली पावडर' नावाने जी बाटली मिळते, तिच्यात मिरचीबरोबर जिरं, ऑरेगॅनो आणि लसूण आधीच मिसळलेले असतात, आणि मिरचीही सौम्य असते. त्यामुळे तिकडच्या कृतीतले दोन-तीन चमचे वाचून आपल्या घरातलं लवंगी किंवा संकेश्वरी तिखट तेवढंच घातलं, तर तो सॉस कुणाला खाता येणार नाही. काश्मिरी किंवा ब्याडगी घ्या. रंग येतो आणि तोंड भाजत नाही.

आता खिमा. दुकानात साधारण मिळतो तो या सॉसला जाड पडतो. तीन मिलिमीटरच्या जाळीतून दोनदा काढून घ्या. दळण्याआधी मांस आणि यंत्राची जाळी दोन्ही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मांस कोमट असलं की चरबी कापली जात नाही, चेंदली जाते, जाळीला लिंपून बसते, आणि बाहेर येतो तो खिमा नसून लगदा असतो. घरी यंत्र नसेल तर अर्धवट गोठलेल्या मांसाचे तुकडे मिक्सरमध्ये थांबत थांबत, एका वेळी एक-दोन सेकंदच फिरवा. सलग फिरवलंत तर पुन्हा तोच लगदा.

[दृश्य: रिकामं, थंड पातेलं. गॅस बंद. खिमा, त्यावर पाणी. हात आत जातो.]

सगळा सॉस ठरतो तो इथे, आच लागण्याच्या आधी.

जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्या. खिमा टाका, सगळं थंड पाणी ओता आणि हाताने खिमा पाण्यात मोकळा करा. बोटांच्या चिमटीत एकेक गोळा धरून चुरायचा. सुरुवातीला पाणी एकीकडे आणि मांस एकीकडे राहतं. दोन-तीन मिनिटांत पाणी गुलाबी, गढूळ होतं आणि तळाशी बोट फिरवलं तर गाठ लागत नाही, नुसती बारीक कणी लागते. तिथे थांबा. मीठ अजून घालायचं नाही. कच्च्या खिम्यात मीठ मळलं की स्नायूतली प्रथिनं सुटून चिकट होतात. सॉसेज बनवताना तोच चिकटपणा हवा असतो. इथे तो शत्रू आहे.

खिमा म्हटलं की आपला हात आधी तेल तापवायला जातो. कांदा लाल, त्यावर खिमा, खरपूस परतायचं. कोनी सॉसमध्ये नेमकं तेच टाळायचं असतं. मांसातली प्रथिनं साधारण पन्नास अंशांपासून गोठायला लागतात. गरम भांड्यात पडलेला खिमा क्षणात बाहेरून गोठतो आणि शेजारच्या कणांना धरून ठेवतो. झालेली गुठळी मग कालथ्याने कितीही ठेचा, तिचे कडक खडे होतात. दोन तास शिजवूनही ते दाताखाली येतात. थंड पाण्यात सुटा झालेला प्रत्येक कण मात्र एकटाच गोठतो आणि मऊ राहतो. परतलेल्या मांसाचा खमंग वास यात गमावतो, हे खरं. तो वास सॉसेजला तव्यावर येतोच. सॉसकडून हवा आहे तो मऊपणा.

[दृश्य: मध्यम आच. पावभाजीचा मॅशर पातेल्यात फिरतो आहे.]

आता मध्यम आच. पहिली दहा-बारा मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही. मॅशरने तळ खरवडत, ठेचत राहा. गुलाबी रंग राखाडी होत जाईल आणि वर मळकट फेस येईल. तो झाऱ्याने काढून टाका. थर्मामीटर असेल तर ७१ अंश पाहा: खिमा खायला सुरक्षित मानला जातो तो या तापमानाला. कणी एकदा सुटी बसली की पुन्हा चिकटत नाही. मग मीठ, किसलेला कांदा, टोमॅटो पेस्ट आणि मस्टर्ड घाला, आच अगदी मंद करा आणि झाकण न ठेवता शिजू द्या. मध्येच एखादा बुडबुडा फुटावा, इतपतच. मोठ्या आचेवर खदखदलं तर कणी आक्रसून रबरासारखी होते, आणि चरबी घुसळली जाऊन सॉस जिभेला मेणचट लागतो.

मसाला अजून डब्यातच आहे. अर्ध्या तासानंतर वर चरबीचा तवंग आलेला दिसेल. त्यातले दोन टेबलस्पून एका छोट्या कढईत काढा, मंद आचेवर कोमट करा आणि सगळा कोरडा मसाला त्यात टाकून तीस सेकंद हलवा. वास सुटला की लगेच पातेल्यात परत. मिरचीचा रंग आणि जिऱ्याचा वास चरबीत उतरतो, पाण्यात नाही. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली तर सॉस कच्चट लागतो. पण तीस सेकंदांची साठ झाली आणि पूड काळपटली, तर ती कडूपणाच देणार. मग ती फेकून नवा मसाला घ्या. एवढा मसाला स्वस्त आहे, अर्धा किलो मांस नाही.

त्यानंतर आणखी एक तास मंद आच, दर दहा मिनिटांनी एकदा तळापासून ढवळणं. मांसातल्या कोलॅजेनचं, म्हणजे चिवट जोडतंतूंतल्या प्रथिनाचं, मऊ, चिकट जिलेटिन होतं आणि सॉसला अंग येतं. पाणी कमी वाटलं तर गरम पाणी घाला, एका वेळी अर्धी वाटी.

[दृश्य: सॉसचा पृष्ठभाग अगदी जवळून. कडेला लालसर तेल.]

मिसळीवर तर्री दिसली की आपण खूश होतो. इथे तीच तर्री चूक समजली जाते, कारण ती बनमध्ये उतरते आणि दुसऱ्या घासाला बन तळातून फाटतो. म्हणून शेवटची वीस मिनिटं राहिली की क्रॅकरचा चुरा भुरभुरवा. त्यातला स्टार्च पाणी आणि चरबी दोन्ही धरतो. त्याआधी घातला तर तळाला बसतो आणि करपतो. मैदाही चालतो, पण पिठूळ चव जायला वेळ लागतो; क्रॅकर आधीच भाजलेला असतो. चुरा घालूनही तेल वर राहिलं तर चमच्याने काढा, मात्र सगळं नाही. पूर्ण कोरडा केलेला सॉस घशाखाली उतरत नाही.

झाला की नाही, हे कसं ओळखायचं? कालथ्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढा. तळ दोनेक सेकंद दिसला आणि मग सॉस सावकाश परत आला, तर झाला. लगेच भरून आला तर पातळ आहे. दुसरी खूण थंड बशीवर: चमचाभर सॉस ठेवा, मिनिटभर थांबा. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवा. चव घेताना सॉस एकटा थोडा अळणी वाटला पाहिजे, कारण सॉसेज खारट, मस्टर्डही खारट. आंबटपणा हवा असेल तर व्हिनेगर एक टीस्पून, शेवटी. केचप नको. साखर आणि टोमॅटो वाढले की हा सॉस पास्त्यावरचा होतो.

[दृश्य: फ्लिंटकडे जाणारा रस्ता.]

डेट्रॉईटहून तासाभरावर फ्लिंट. मोटारींच्या कारखान्यांचं गाव. तिथला कोनी पाहून डेट्रॉईटकर नाक मुरडतात, कारण त्यावरचा सॉस जवळपास कोरडा असतो. फ्लिंटची ही परंपरा १९२४ सालच्या एका कोनी आयलंडपासून मोजतात. सॉसेज मात्र हवं ते कोगल कंपनीचं, जी फ्लिंटमध्ये १९१६ पासून आहे. इथला खिमा असतो मुख्यतः बीफच्या हृदयाचा. हृदयाचं मांस घट्ट विणीचं, कमी चरबीचं. शिजून ते गुठळ्या धरत नाही, दाणेदार सुटं राहतं.

हृदय आणलं तर वेळ जातो तो साफ करण्यात. वरची कडक पांढरी चरबी आणि पातळ पापुद्रा सोलून काढा. उभं चिरून उघडा. आतल्या झडपा, दोऱ्यांसारखे तंतू आणि नळ्यांची तोंडं सुरीने तासून टाका. यातलं काही राहिलं तर ते कितीही शिजवा, चावत राहावं लागतं. ४०० ग्रॅम साफ मांसाला १०० ग्रॅम चरबी, गुर्द्याभोवतीची घट्ट पांढरी, आणि दोन्ही एकत्र दळा. पाणी फक्त २०० मिलिलिटर, क्रॅकर नाही, टोमॅटो नाही. पाणी आटून दाणे चरबीत सुटे दिसू लागले की झालं, तासभर पुरतो. वाटलेली सॉसेजं घालायला सांगणारी एक 'अस्सल फ्लिंट' कृती वर्षानुवर्षं हातोहात फिरते आहे. सॉस त्याने खारट आणि पिठाळ होतो. आमचं मत विचाराल तर ती सोडून द्या.

ओहायोतल्या सिनसिनाटीत १९२२ साली किराजिएफ या मॅसेडोनियन भावांनी एम्प्रेस थिएटरशेजारी दुकान टाकलं. तिथेही खिमा कच्चाच पाण्यात उकळतात, पण मसाल्यात दालचिनी, ऑलस्पाइस (कबाबचिनीसारखं सुगंधी, वाळवलेलं फळ) आणि लवंग. तोच सॉस स्पॅगेटीवर पडतो आणि हॉट डॉगवरही, वर किसलेल्या चेडर चीजचा ढीग. र्‍होड आयलंडमध्ये सॉसेज आखूड आणि शेवटी सेलरी सॉल्टची, म्हणजे सेलरीच्या बियांची पूड मिसळलेल्या मिठाची, चिमूट. मसाले गावोगाव बदलले. बारीक कणी कुणी सोडली नाही.

[दृश्य: मुंबईतलं स्वयंपाकघर.]

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथे हा सॉस म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या मांसाचा करावा लागतो. दोन्हींत चरबी कमी. खाटकाला सांगून शंभर ग्रॅमभर चरबी त्यातच दळून घ्या. बकऱ्याचा वास पुढे येतो, म्हणून जिरं थोडं वाढवा आणि शिजायला अर्धा तास जास्त धरा. चिकनचा करायचा तर मांडीचंच मांस. छातीचा खिमा चोथा होतो. चिकनला एकूण पाऊण तास पुरे, आणि जिलेटिन कमी सुटत असल्याने क्रॅकर ३५ ग्रॅम.

[दृश्य: तवा, बन, सॉसेज.]

सॉसेज नैसर्गिक आवरणाचं असेल तर मंद तव्यावर फिरवत भाजा. आच मोठी झाली की आवरण फुटतं, रस तव्यावर जातो आणि चावताना येणारा 'कट्' आवाजही गेला. बन भाजायचा नाही, चाळणीत वीस-तीस सेकंद वाफवायचा. सॉस तीन टेबलस्पून, म्हणजे ४५ ग्रॅम. त्यावर मस्टर्ड, मग कांदा, अगदी बारीक चिरलेला आणि त्याच दिवशीचा.

उरलेला सॉस पातेल्यात तसाच ठेवून झोपू नका. मोठ्या भांड्यातला मांसाचा सॉस मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू याच कोमटपणात वाढतो. उथळ ताटलीत दोन इंचांपेक्षा कमी थर पसरा, दोन तासांत २१ अंशांखाली आणा, मग फ्रीजमध्ये. तिथे तीन-चार दिवस टिकतो, फ्रीजरमध्ये तीन महिने. बाहेर काढल्यावर तो थिजून वडीसारखा कापता येईल. जिलेटिन आणि स्टार्चमुळे तसं होतं, बिघडला म्हणून नाही. दर वाटीला दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर गरम करा, पूर्ण उकळी येऊ द्या, आणि मीठ पुन्हा घालण्याआधी चव घ्या.