मुद्रा

(पहाट. गर्भगिरीचे बोडके डोंगर. वाऱ्याचा आवाज थोडा वेळ तसाच ठेवावा.)

सावरगावचा घाट चढून वर आलं की वारा अंगावर येतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं हे मायंबा. मच्छिंद्रनाथांची समाधी इथंच, असं सगळा मुलूख मानतो. गहिनीनाथगडही याच जिल्ह्यात. गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना उपदेश दिला, निवृत्तीनाथांनी ज्ञानदेवांना. आणि ज्ञानदेवांचं आपेगाव पैठणच्या शेजारी, गोदाकाठी. योगाचा एक जुना धागा असा आपल्या या कोरड्या पट्ट्यातून गेलाय. 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी कशी जागी होते ते सविस्तर आलंय, आणि तेही संस्कृत न येणाऱ्यांच्या भाषेत. सांगितलं, पण त्याचे पैसे मागितल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

त्याच ज्ञानदेवांच्या हरिपाठात एक ओळ आहे. मराठवाड्यात दिवेलागणीला गावोगावच्या मारुतीच्या देवळात ती रोज म्हटली जाते: ‘योग याग विधी येणें नोहे सिद्धी, वायांचि उपाधी दंभधर्म.’ योग ज्याला आतून ठाऊक होता, त्यानंच हे म्हणून ठेवलंय.

आता खाली शहरात जाऊ.

(छत्रपती संभाजीनगर. काचेचं दार. चपलांची रांग.)

सकाळचे सहा. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, एसी, एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत आरसा. दारातच फीचा तक्ता: मासिक, तिमाही, वार्षिक. वार्षिक भरली तर टी-शर्ट फुकट. कोपऱ्यात विक्रीला मॅट, फोमचे ठोकळे, पट्टे, तांब्याच्या बाटल्या. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी पाच यम, म्हणजे संयमाचे नियम, सांगितले, त्यातला शेवटचा अपरिग्रह, म्हणजे साठवू नका. तो या हॉलमध्ये कुठं टांगायचा हा प्रश्नच आहे. आसनाबद्दल त्यांनी जेमतेम तीन सूत्रं खर्ची घातली. त्यातलं पहिलं, ‘स्थिरसुखमासनम्’. मॅट किती मिलिमीटर जाड हवी, ते काही त्यांनी लिहिलेलं नाही.

शिकवणारी मुलगी लातूरकडची. क्लास सुटल्यावर तिनं आम्हाला चहा पाजला आणि हिशेब मांडला: हॉलचं भाडं, वीजबिल, इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती. हातात काय उरतं, तर खोलीचं भाडं आणि घरी थोडेफार पाठवायला. तिच्यावर आमचा काडीचा राग नाही. शाळेतला मास्तर पगार घेतो, कीर्तनकारही आता तारीख देण्याआधी पाकिटाचं बोलून घेतात. शिकवणाऱ्याचं पोट आहेच.

तिच्या मागच्या भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र आहे. 200 तासांचा कोर्स. हा 200 तासांचा मापदंड रूढ केला तो योगा अलायन्स या अमेरिकेतल्या संस्थेनं. ती स्थापन झाली 1999 साली. नाथपंथात दीक्षेची खूण कागदावर नसे. कानाला चीर देऊन त्यात मुद्रा, म्हणजे कुंडलं, घालत, म्हणून तर कानफाटे म्हणायचे. मच्छिंद्रनाथांच्या मुलखातली पोरगी, आणि योग येतो हे सिद्ध करायला शिक्का अमेरिकेचा. हे सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, ‘सर, त्याच्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.’

जुनं तेवढं शुद्ध, असंही म्हणता येत नाही. फ्लेक्सवर ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ छापतात. पण आज क्लासमध्ये घामाघूम होऊन करतात त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात घडलं. सूर्यनमस्कार घराघरात नेले औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी. कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत तपासायला घेतला. 1930च्या दशकात म्हैसूरच्या राजाच्या आश्रयानं कृष्णमाचार्य योग शिकवत होते. त्यांचे शिष्य अय्यंगार 1937 साली पुण्यात आले. पुढं अमेरिकेत बिक्रम चौधरींनी आपल्या 26 आसनांच्या क्रमावर कॉपीराइट सांगितला. 2015 साली तिथल्या अपील न्यायालयानं तो नाकारला. आसनांच्या क्रमावर मालकी सांगता येत नाही, हे ठरवायला कोर्ट लागलं. आपल्याकडं सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये योग केंद्रांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला, तोही जिम आणि सलूनच्या सोबतीनं, एकाच ओळीत.

(माळरान. पालं. चुलीचा धूर.)

आमची गाडी इथं थांबली. हे नाथपंथी डवरी गोसावी. भगवं पागोटं, खांद्याला झोळी, हातात डवर नावाचं डमरूसारखं वाद्य; दारोदार ‘अलख निरंजन’ म्हणत भिक्षा मागायची. मच्छिंद्रनाथ-गोरखनाथांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या यांनी पायी फिरून गावागावांत पोचवलं. सरकारदरबारी यांची जमात भटकी. योगाचा बाजार एवढा फुगला, पण त्यातला एक रुपयाही या पालापर्यंत आलेला नाही.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. याच समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागायला आले होते. त्याच्या दहा दिवस आधी, 21 जूनला, देशभर मैदानं भरून आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाला होता.

(आवाज थांबतो. डवराचा एक ठोका.)

21 जून म्हणजे आपल्याकडं पेरणीची घाई. मृग सरत आलेला, वापसा आला की माणूस तिफणीमागं. शाळा नुकत्याच उघडलेल्या. मास्तर पोरांना पटांगणात ओळीनं बसवतात, पुढाऱ्यासाठी पुढं गादी, मागं भलामोठा फ्लेक्स. वज्रासनात फोटो निघतो आणि आठ वाजता पटांगण मोकळं. संयुक्त राष्ट्रांत 11 डिसेंबर 2014 रोजी 177 देशांनी या दिवसाला पाठिंबा दिला, ही मोठीच गोष्ट. पण कापसाला वाकून वाकून ज्या बाईची कंबर गेलीय, ती या पटांगणात दिसत नाही. तिला आम्ही विचारलं. ‘सरकी टोचायची सोडून तिथं बसायला टाइम कुणाला हाय,’ म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

(पुन्हा पालं. संध्याकाळ. आभाळ भरून आलेलं.)

म्हाताऱ्यानं आम्हाला पालात बोलावलं. वर बघितलं तर छताला फ्लेक्स ताणलेला. पद्मासनातली आकृती उलटी टांगलेली, बाजूला कुणा नेत्याचं अर्धं तोंड, खाली ‘योग दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. कुठून आणला, विचारलं.

‘शाळेपाशी पडलं होतं. लई जाड हाय. पाणी गळत न्हाई.’