मार्च महिन्यातलं बडोदं

नमस्कार मंडळी. 'मार्च महिन्याचे दिनविशेष' असा विषय मला दिलाय. मी शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे दिनविशेषांशी माझा जुना संबंध आहे. पण महिन्याच्या एकतीस दिवसांची यादी मी वाचून दाखवणार नाही, ती कुठल्याही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मिळते. मला बोलायचंय ते वेगळं. आपण जन्मतारखा मोठ्या भक्तीने जपतो आणि ज्या दिवशी माणसांनी काही केलं, ते दिवस मात्र विसरतो. मार्च महिना आणि आपलं बडोदं यांच्या बाबतीत हे फार झालंय.

एकट्या 11 मार्चचंच उदाहरण घ्या. 1863 साली या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात गोपाळराव जन्मले, पुढचे आपले सयाजीराव महाराज. 1886 साली याच दिवशी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या, त्या वेळी त्यांना एकविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. विजय हजारे 1915 च्या 11 मार्चचे. जन्म सांगलीचा, खेळले बडोद्याकडून, आणि 2004 मध्ये गेले ते याच शहरात. या तिघांच्या आधी, 1689 मध्ये, संभाजी महाराजांची हत्या झाली तीही 11 मार्चलाच.

या शेवटच्या तारखेपाशी जरा थांबावं लागेल. ती जुन्या, ज्युलियन मोजणीची आहे. तो दिवस फाल्गुन अमावास्येचा, आणि आजच्या मोजणीने ती अमावास्या 21 मार्चला येते. इंग्रजांनी सप्टेंबर 1752 मध्ये कालगणना बदलली तेव्हा 2 तारखेनंतर एकदम 14 तारीख उजाडली. त्याआधीच्या मराठेशाहीच्या तारखा आपले इतिहासकार बहुधा जुन्या हिशेबानेच देतात. शिवजन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीखही तशीच. आजच्या मोजणीने तो दिवस 1 मार्च. तिथी मात्र पक्की आहे, फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. तारीख की तिथी यावरून दरवर्षी भांडणारी मंडळी हा हिशेब एकदा कागदावर मांडतील, तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता सयाजीरावांकडे वळू. कवळाण्यात जन्मलेल्या त्या मुलाचा बडोद्याच्या गादीशी काय संबंध होता? गायकवाडांच्या लांबच्या शाखेतलं शेतकरी घर, एवढाच. तो संबंध खऱ्या अर्थाने जुळला तो 1875 च्या मार्चमुळे, आणि त्या मार्चची आठवण मला कुठल्याच फळ्यावर दिसत नाही. नोव्हेंबर 1874 मध्ये रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडलं. संशय तेव्हा गादीवर असलेल्या मल्हारराव महाराजांवर आला, त्यांना अटक झाली, आणि 1875 च्या फेब्रुवारीअखेर सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. मल्हाररावांची बाजू मांडायला सार्जंट बॅलन्टाइन हे नामांकित वकील थेट इंग्लंडहून आले होते. विचार करा, एका संस्थानाधिपतीची उलटतपासणीसकट जाहीर चौकशी चालली आहे आणि देशभरची वर्तमानपत्रं ती छापताहेत. अखेर मतं सरळ दुभंगली. तिघा इंग्रजांनी दोषी धरलं, तिघा हिंदी सदस्यांना तो दोष सिद्ध झाला असं वाटलं नाही. तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केलं. माझ्या मते हा निवाडा नव्हता, सोय होती. पण त्यातूनच मल्हाररावांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तकाचा अधिकार मिळाला आणि 27 मे 1875 ला बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला.

त्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मधल्या काही तारखा भरभर घेते. 10 मार्च 1897, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. 12 मार्च 1930, गांधीजी साबरमतीहून अठ्ठ्याहत्तर साथीदारांसह दांडीला निघाले. दांडीयात्रेत बडोदेकरांनी एक नाव आवर्जून शोधावं, ते अब्बास तय्यबजी यांचं. बडोदा संस्थानात न्यायाधीश म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर शहात्तराव्या वर्षी सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांनी घेतलं आणि तेही तुरुंगात गेले.

मार्च 1947 तर इथल्या क्रिकेटवेड्या घरांत अजून सांगितला जातो. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर, आपल्याच गावात. समोर कर्णधार सी. के. नायडू. होळकरांचा पहिला डाव 202 वर संपला होता, पण बडोद्याचेही 3 बाद 91 झाले. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी 577 धावा केल्या. हजारे 288, गुल महंमद 319. आदल्याच वर्षी वॉरेल आणि वॉलकॉट यांनी केलेला 574 चा विक्रम तीन धावांनी मागे पडला. बडोदा एक डाव आणि 409 धावांनी जिंकलं. जगातली कुठल्याही जोडीची सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ती 2006 पर्यंत टिकली, संगकारा आणि जयवर्धने यांनी 624 करेपर्यंत. हजाऱ्यांचा वाढदिवस लक्षात ठेवणाऱ्यांनी हा डाव त्याच्या शेजारी लिहावा.

20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. हा दिवस आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण बडोद्यात बसून त्याकडे बघताना दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात आणि त्यातली दुसरी सांगायला जड जाते. पहिली अशी की 1913 मध्ये सयाजीरावांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दुसरी अशी की कराराप्रमाणे 1917 मध्ये ते संस्थानाच्या नोकरीत आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकत. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला आणि ते मुंबईला परतले. शिष्यवृत्ती महाराजांची होती, शहर मात्र आपलं होतं, आपल्या आजे-पणजांचं. महाडचा दिवस साजरा करताना कमाटीबागेतली ती जागा वगळून चालणार नाही.

आता मी ज्यासाठी आज मुख्यतः उभी आहे त्या तारखा. 18 मार्च 1910, 16 मार्च 1911 आणि 19 मार्च 1912. तिन्ही गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या.

1910 च्या मार्चमध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याकडे पावलं टाकावीत. हिंदुस्थानात हे शक्य नाही असं म्हणणाऱ्यांपुढे त्यांनी ठेवलेला दाखला बडोद्याचा होता. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये सबंध संस्थानासाठी कायदा केला. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. बाराव्या वर्षी ज्याने पहिल्यांदा अक्षरं गिरवली, त्या राजाने हे करावं यात मला योगायोग दिसत नाही. उशिरा शिकणाऱ्याला न शिकण्याची किंमत कळलेली असते.

पुढच्या वर्षी गोखल्यांनी विधेयकच आणलं. ते फार सबुरीचं होतं. सक्ती लगेच देशभर नाही. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिने सरकारच्या मंजुरीने ती लागू करावी, तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. विरोधकांनी खर्चाचं कारण पुढे केलं, लोकांची मागणी नाही असंही म्हटलं. विरोध करणाऱ्यांत आपलेच जमीनदार होते, याचं मला अजून वाईट वाटतं. 19 मार्च 1912 ला मतदान झालं. बाजूने 13, विरुद्ध 38. विधेयक पडलं, आणि तीन वर्षांच्या आत गोखलेही गेले.

स्वतंत्र भारतात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा केंद्राचा कायदा अमलात आला तो 1 एप्रिल 2010 ला. गोखल्यांच्या ठरावाला तेव्हा शंभर वर्षं आणि चौदा दिवस झाले होते, आणि अमरेलीच्या त्या दहा गावांतल्या शाळांना एकशे सतरा वर्षं. इथे बसलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या 19 मार्चला वर्गातल्या मुलांना हे दोन आकडे सांगा, 13 आणि 38, आणि मग त्यांनाच विचारा की त्या सभागृहात तुम्ही असता तर हात कुठल्या बाजूला वर केला असता, आणि पैसे कुठून आणले असते.