पाया भरण्याआधी वायरमनला बोलवा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडं घराचं काम निघालं की वायरमनला निरोप जातो तो स्लॅबच्या वेळी, छतात पाइप टाकायला. तोवर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, भरून, माती लोटून महिना-दोन महिने झालेले असतात. पण अर्थिंगसाठी त्या प्लॉटवर सगळ्यात चांगली जागा फुटिंगचा खड्डाच होती, आणि ती आता बुजलेली असते. मग घराच्या मागं एक खड्डा घेतात, त्यात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा करतात, कोळसा-मीठ भरतात आणि अर्थिंग झालं म्हणतात.

हा पाइप पावसाळ्यात ठीक चालतो. पण मराठवाड्याची काळी माती चैत्र-वैशाखात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती पाइपाला सोडून बाजूला सरकते. नेमके तेच दिवस कूलरचे. पाण्यानं भरलेला पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय; आणि अर्थिंग त्याच महिन्यात सगळ्यात कमजोर.

पायातल्या काँक्रीटचं तसं होत नाही. पाच-सहा फुटांवर, मुरमाला टेकलेलं काँक्रीट भोवतीची ओल शोषून धरून ठेवतं. ओलं काँक्रीट वीज जमिनीत जाऊ देतं, आणि त्याच्या चुन्यासारख्या अल्कली गुणामुळं आतलं लोखंड गंजत नाही. शिवाय फुटिंगचा जमिनीला लागलेला पृष्ठभाग एका पाइपापेक्षा कितीतरी मोठा. दुसऱ्या महायुद्धात हर्बर्ट उफर या इंजिनिअरनं अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात दारूगोळ्याच्या कोठारांना असं, पायाच्या काँक्रीटमधल्या लोखंडातूनच अर्थिंग दिलं. पुढं कित्येक वर्षांनी मोजलं तरी ते 5 ओहमच्या आत होतं. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप; जितकं कमी तितकं चांगलं.

आता करायचं कसं? समजा दीड मीटर बाय दीड मीटरची फुटिंगं आहेत. पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळईचं काँक्रीट, झाली, सळयांची जाळी बसली, खाली तिला उचलून धरणारे 50 मिमीचे कव्हर ब्लॉक लागले. आता 12 मिमीची एक जादा सळई घ्या आणि जाळीच्या कडेनं चौकोनी फिरवा. कव्हर सोडून एका फुटिंगात साडेपाच मीटरच्या आसपास बसते. अमेरिकेच्या नियमात अशी सळई किमान 6 मीटर लागते. चार कोपऱ्यांच्या फुटिंगांत टाकली तर आपली वीस मीटरच्या वर जाते. तिचं टोक कॉलमच्या आतून वर घ्या आणि प्लिंथ बीममधून, म्हणजे जोत्याच्या बीममधून, फिरवलेल्या 25 बाय 6 मिमीच्या जीआय पट्टीला जोडा. पट्टी आडवी निजवू नका, धारेवर उभी ठेवा, म्हणजे काँक्रीट दोन्ही बाजूंनी नीट बसतं. नुसत्या प्लिंथ बीममध्ये पट्टी फिरवून भागत नाही. बीम असतो मुरमाच्या भरावावर किंवा विटांवर, तिथं ओल कुठली?

जोड वेल्डिंगचा हवा, निदान 50 मिमी लांब. जाळीला बाइंडिंग तार शेकडो ठिकाणी असते म्हणून तिथं चालून जातं, पण मुख्य वाटेवरचा एकुलता एक जोड तारेच्या भरवशावर सोडू नका. मात्र कॉलमच्या मेन सळईवर वेल्डिंग करायचं नाही. टीएमटी सळईची ताकद तापवल्यानं कमी होते. जादा सळई सांगितली ती यासाठीच. सेंट्रिंगवाला म्हणेल, काय फरक पडतो. त्याचं ऐकू नका.

काँक्रीट ओतण्याआधी मीटर लावून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जोड तपासा. जर्मनीत हा आकडा 0.2 ओहमच्या आत मागतात. साधा मल्टिमीटर एवढं बारीक सांगणार नाही, पण सुटलेला जोड नक्की दाखवेल. प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून.

काम फसतं ते बहुधा प्लॅस्टिकमुळं. पीसीसीखाली काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला किंवा फुटिंगला डांबर फासलं, की काँक्रीट आणि जमीन यांच्यात आडपडदा आला. असा कागद टाकणारच असाल, तर कागदाच्या खाली, मातीत, स्टेनलेस स्टीलची वेगळी पट्टी टाकावी लागते. जीआय तिथं टिकत नाही. काँक्रीटमधलं लोखंड मातीतल्या जस्ताशी जोडलं की त्यांची बॅटरी तयार होते आणि जस्त खाल्लं जातं. घराबाहेरचा जीआय पाइप पायाला जोडला तरी हेच होतं. बाहेर रॉड लागलाच, तर तांब्याचा मुलामा असलेला घ्या. आणि मिठाचा खड्डा भिंतीपासून दीड मीटर लांब. मिठाचं पाणी फुटिंगात मुरलं तर सळई गंजून काँक्रीट फुटतं.

पट्टीचं टोक काँक्रीटच्या आतूनच मीटर बोर्डापर्यंत आणा. मध्येच मातीत बाहेर काढलं, तर काँक्रीट संपतं त्या रेषेवरच ते सडतं. बोर्डाजवळ तांब्याचा अर्थ बार बसवा. बोअरचा केसिंग पाइप, लोखंडी पाण्याची लाइन, सोलरचा सांगाडा, सगळं त्याला जोडा. न्यूट्रल मात्र घरात कुठंही अर्थिंगला जोडायचा नाही.

एक हिशेब ऐका. अर्थिंग 5 ओहमचं आहे, कूलरमध्ये फेज पत्र्याला लागला. 230 व्होल्ट भागिले 5 ओहम, म्हणजे फार तर 46 अँपिअर वाहणार. 16 अँपिअरचा सी टाइप एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, झटक्यात पडायची खात्री 160 अँपिअरला. 46 ला तो कित्येक सेकंद तसाच उभा राहतो, आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत. म्हणून अर्थिंग कितीही चांगलं असो, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लागतेच. ती सेकंदाच्या तीन दशांशात तोडते. तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा.

अर्थ टेस्टरनं मोजणी करायची ती मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्याआधी. श्रावणात आलेला आकडा बघून खूश होऊ नका. आकडा आणि तारीख मीटर पेटीच्या दाराला आतून रंगानं लिहून ठेवा.