सी ड्राइव्ह कॉपी केला म्हणजे क्लोन झाला नाही

क्लोन म्हणजे अख्ख्या डिस्कची अशी हुबेहूब प्रत, की मूळ डिस्क गेली तरी तिच्यावरून मशीन चालू होईल. आता स्क्रीनवर आहे ते डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे भाग, पार्टिशनं, दाखवणारी विंडोजची खिडकी. आपण विंडोज म्हणजे सी ड्राइव्ह असं धरून चालतो, पण त्याच्या डावीकडची ती बारकी पट्टी बघा, 100 एमबीची, काही मशीनवर 260 ची असते, ईएफआय सिस्टिम पार्टिशन लिहिलंय तिच्यावर. तिला ड्राइव्ह लेटर नसतं म्हणून एरवी ती दिसतच नाही, आणि गंमत म्हणजे मशीन चालू होताना आधी तीच लागते, कारण बूटलोडर, म्हणजे विंडोजला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, तिच्यात बसलेला असतो. त्यामुळे सी मधलं सगळं सिलेक्ट करून कॉपी पेस्ट मारलं तर फोटो येतील, डॉक्युमेंटं येतील, विंडोज काही सुरू व्हायचं नाही.

म्हणून पार्टिशनांसकट अख्खी डिस्क उचलायची. त्यासाठीचा क्लोनझिला हा प्रोग्रॅम फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बूट होतो, आणि फक्त भरलेले ब्लॉक घेतो, म्हणजे 500 जीबीतले 120 वापरलेले असतील तर तेवढ्याचाच वेळ. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर मात्र क्लोनझिलाला आतलं काही कळत नाही, मग तो रिकाम्या जागेसकट एकूण एक सेक्टर कॉपी करत बसतो. दिसायला अगदीच जुनाट आहे, असू दे. त्याआधी विंडोज शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं राहतं.

आता हा क्लोनझिलाचा स्क्रीन, इथे घाई नको. सोर्स कोण, म्हणजे कुठून कॉपी, आणि टार्गेट कोण, म्हणजे कुठे. एसडीए, एसडीबी असली डिस्कची नावं बघून ठरवू नका, साइज आणि मॉडेल वाचा, कारण टार्गेटवरचं सगळं पुसलं जाणार. लिनक्सवाले डिस्क कॉपी करणाऱ्या डीडी कमांडला डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात ते उगाच नाही, तिथे आयएफ (सोर्स) आणि ओएफ (टार्गेट) यांची अदलाबदल झाली की खेळ खल्लास.

कॉपी झाली, हिरवी अक्षरं आली, पण आपण अजून बूट करून कुठे बघितलंय? मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, क्लोन आत बसवा. दोन्ही लावून ठेवल्या तर दोघींची ओळख एकच असते, विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं, आणि लिनक्समध्ये यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख क्रमांक, सारखे असल्यामुळे आपण क्लोनवर आहोत असं वाटतं आणि चालू असते जुनीच. साटा जोडणीच्या डिस्कवरून एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीवर गेला असाल तर निळा स्क्रीन येऊ शकतो, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, बऱ्याचदा एकदा सेफ मोडमध्ये जाऊन आलं की सुटतं. बिटलॉकरवाल्यांनी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा लांबलचक आकडा, आधीच कागदावर लिहून ठेवा, ती बहुतेक विचारणारच.

मॅकवाल्यांचं वेगळंच दुखणं. ॲपल सिलिकॉनमध्ये, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये, आतला एसएसडीच मेला तर बाहेरच्या डिस्कवरूनही बूट होत नाही, मग तिथे बूटेबल क्लोनच्या मागे लागण्यात मला तरी फार अर्थ दिसत नाही, डेटाचा बॅकअप घ्या आणि मोकळे व्हा.

आणि महिन्याभराने नवा क्लोन काढाल तेव्हा त्याच डिस्कवर काढू नका, कॉपी चालू असेपर्यंत जुना क्लोन पुसलेला असतो आणि नवा अर्धवट, नेमकी तेव्हाच मेन डिस्क गेली तर हातात काहीच नाही. दोन डिस्क ठेवा, आलटून पालटून वापरा.