साडीखाली जीन्स

वरळीचं दूरदर्शन केंद्र, सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, आणि बातम्या वाचायला समोर बसलीय एक सावळी पोरगी, मोठे डोळे, कपाळावर टिकली, नीट साडी. आता गंमत अशी की साडीच्या खाली जीन्स असायची. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं ना, मग धावतपळत यायचं, जीन्सवरच साडी गुंडाळायची आणि बातम्या सुरू!

ही स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १९५५ चा, पण मूळ घर खानदेशातलं. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई नर्स आणि समाजकार्यात, आणि स्वतः स्मिता राष्ट्र सेवा दलात वाढलेली, म्हणजे मोर्चे, पथनाट्य हे काय तिला नवीन नव्हतं. टीव्हीवरचा तो चेहरा दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी हेरला, मग 'निशांत', 'मंथन', आणि १९७७ च्या 'भूमिका'साठी थेट नॅशनल अवॉर्ड, वय जेमतेम बावीस.

दुसरं नॅशनल अवॉर्ड 'चक्र'चं, पण त्या पिक्चरच्या पोस्टरवर ती जाम चिडली होती. झोपडपट्टीत उघड्यावर आंघोळ करणारी बाई, तो सीन पोस्टरवर लावून तिकीटं खपवली. तिचं म्हणणं साधं होतं, की वस्तीत बाईला उघड्यावर आंघोळ करावी लागते, तिथे कोणी थांबून बघत नाही, मग पोस्टरवर तेच का विकता? मुंबईतल्या विमेन्स सेंटर या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी ती जोडलेली होती, त्यामुळे हे सगळं नुसतं मुलाखतीपुरतं नव्हतं.

१९८२ हे वर्ष बघा जरा. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिला सुधारगृह चालवणारी सुलभा महाजन हीच, आणि त्याच वर्षी 'नमक हलाल'मध्ये अमिताभबरोबर पावसात नाचणारी पण हीच. त्या गाण्यानंतर ती रडली होती म्हणतात. पण कमर्शियल पिक्चर तिने सोडले नाहीत, आणि मला तरी त्यात काही चुकीचं वाटत नाही.

१९८५ ला पद्मश्री. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला आणि दोनच आठवड्यांत, १३ डिसेंबरला, ती गेली. एकतीस वर्षांची.

'मिर्च मसाला' त्यानंतर रिलीज झाला. मिरचीच्या कारखान्यातल्या बाया सुभेदाराच्या तोंडावर तिखट उधळतात, तो कळवळत खाली पडतो, आणि पडद्यावर शेवटी राहते सोनबाई, म्हणजे स्मिताच, हातात विळा घेऊन उभी.